शांत अँटिव्हायरस

सिंधुबाईंच्या ई-मेलवरून एकाच दिवशी तिघांना पत्र गेलं. पत्रात एकच ओळ होती, 'तुमचे बिल सोबत जोडले आहे', आणि खाली एक फाइल. सिंधुबाईंनी ते पाठवलं नव्हतं. त्या कुणालाच बिल पाठवत नसत. टायपिंगचे पैसे गिऱ्हाईक समोर बसून देई आणि कागद घेऊन जाई. तिघांपैकी एका मास्तरांनी देगलूरहून फोन करून विचारलं, तेव्हा त्यांना हे कळलं. मास्तर हसत होते. सिंधुबाईंना हसू आलं नाही.

मुदखेडला तहसीलच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत, त्या सव्वीस वर्षं मराठी टायपिंग करत आल्या होत्या. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. त्यांच्याकडे वारसनोंदीचे अर्ज यायचे, वाटणीच्या तक्रारी यायच्या, सासरी नांदू न देणाऱ्यांविरुद्धचे जबाब यायचे. कधी कधी एकाच भांडणातला थोरला भाऊ सकाळी येऊन जायचा आणि धाकटा दुपारी. एकाचा कागद दुसऱ्याला कधी कळला नाही. गावात त्यांच्यापेक्षा स्वस्तात टाइप करून देणारी दोन दुकानं होती, तरी माणसं या खोलीत यायची ती एवढ्यासाठीच. आता त्यांच्या नावानं भलतंच कुणी पत्रं पाठवत असेल, तर खोलीतलं आणखी काय काय बाहेर गेलं असेल, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जात नव्हता.

"तू जंतूंचंच शिकलीस ना," त्या लेकीला म्हणाल्या, "मग ह्याचंबी बघ. चांगला अँटिव्हायरस घाल."

ऋतुजा सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झालेली होती आणि सहा महिन्यांपासून नांदेडच्या एका पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत जात होती. जंतूंचा आणि कॉम्प्युटरचा काही संबंध नाही, हे तिनं आईला सांगून पाहिलं. आईनं ऐकून घेतलं आणि पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी तिच्या हातात दिली. त्यातला ई-मेलचा पासवर्ड ऋतुजानं आधी स्वतःच्या फोनवरून बदलून टाकला. मग तिनं वहीत तक्ता आखला: पकडतो किती, मशीन किती मंद करतो, उगाच ओरडतो का, रोज नव्यानं माहिती घेतो का. कॉम्प्युटर सात वर्षांचा होता, त्यामुळे दुसरा रकाना महत्त्वाचा होता.

पहिला अँटिव्हायरस तिनं गुरुवारी घातला. त्यानं पाऊण तास तपासणी केली आणि सिंधुबाईंच्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅममधली एक फाइल उचलून कोंडून ठेवली. टायपिंग बंद. समोर रहिवासी दाखल्याचा अर्ज घेऊन आलेला माणूस ताटकळत बसलेला. ऋतुजानं ती फाइल सोडवली आणि अँटिव्हायरस काढून टाकला. शुक्रवारी दुसरा घातला. त्यानंही तीच फाइल पकडली, वर दर दहा मिनिटांनी स्वतःची जाहिरात दाखवली. दोघांनी त्या फाइलपुढं धोक्याचं कोणतं नाव दाखवलं, ते तिनं सवयीनं वहीत उतरवून घेतलं आणि दुसराही काढला.

मग सिंधुबाईंनी लातूरला धाकट्या भावाला फोन लावला. अंगदमामाचं तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. हा कॉम्प्युटर त्यानंच आणून दिला होता आणि टायपिंगचा प्रोग्रॅमही चार वर्षांपूर्वी त्यानंच बसवला होता. मुदखेडात त्याची आणखी दोन कामं पडून होती, तेव्हा तो रविवारी सकाळी बॅग घेऊनच आला. मुरमुऱ्यांचा सुशीला खाता खाता त्यानं निकाल दिला की बाजारातले निम्मे अँटिव्हायरस नुसते डोक्याला ताप असतात. प्रोग्रॅम परवान्याशिवायचा आहे म्हणून ते त्याच्यावर डूख धरतात. जिल्ह्यातल्या अर्ध्या टायपिंगवाल्यांकडं असाच प्रोग्रॅम आहे, कुणाचं काही बिघडलेलं नाही. मग त्यानं स्वतःकडचा अँटिव्हायरस घातला, चांगल्या कंपनीचा, रीतसर परवान्याचा.

"ह्यो बघ अक्का. एकदम शांत. मशीन स्लो न्हाई, खिटखिट न्हाई."

तपासणी तीन मिनिटांत संपली. हिरवी खूण आली. धोके शून्य. टायपिंगचा प्रोग्रॅम सुरळीत चालत होता. सिंधुबाईंनी एक अख्खं पान टाइप करून पाहिलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झाले. "ह्यो शहाणा हाय," त्या म्हणाल्या. "कामात लुडबूड करत न्हाई."

ऋतुजानं तक्त्यात तिसरं नाव लिहिलं आणि पहिल्या रकान्यात अडली. पकडतो किती? दोघांनी पकडलेली गोष्ट तिसऱ्यानं पकडली नाही. म्हणजे एक तर ते दोघे उगाच ओरडत होते, नाही तर हा झोपलेला होता. नुसत्या शांततेवरून यातलं काहीच ठरत नव्हतं. आजार नाही असं सांगणारा डॉक्टर सगळ्यांनाच आवडतो.

प्रयोगशाळेत रोज गावोगावच्या पाण्याच्या बाटल्यांबरोबर एक बाटली मुद्दाम ठेवलेली असे, जिच्यात जंतू आहेतच अशी. तपासणीअंती ती बाटली 'स्वच्छ' निघाली, तर त्या दिवसाचे सगळे अहवाल रद्द करायचे, हा नियम. पाणी चांगलं निघालं म्हणून आनंद मानायचा नाही. तपासणी बिघडली आहे असं समजायचं. अँटिव्हायरससाठी अशी बाटली असेल का, म्हणून तिनं फोनवर शोधलं, तर होती. जगभरातल्या अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी ठरवलेली अडुसष्ट अक्षरांची एक ओळ. ती कुणाचंही काही बिघडवत नाही, पण जागा असलेल्या प्रत्येक अँटिव्हायरसनं ती दिसताक्षणी पकडायची, असा संकेत आहे.

तिनं ती ओळ अक्षर न अक्षर तपासून टाइप केली आणि फाइल साठवली. काही झालं नाही. फाइलवर मुद्दाम तपासणी चालवली. धोके शून्य.

मग ती एक एक करून सगळ्या सेटिंग्ज उघडत गेली. 'यांची तपासणी करू नका' अशी एक यादी असते. तिच्यात माणसं एखाद-दुसरी फाइल घालतात. या यादीत दोनच नोंदी होत्या: सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह. कॉम्प्युटरमध्ये तिसरा ड्राइव्ह नव्हताच. राखणदार दारात उभा होता, अंगावर गणवेश होता, आणि घरातल्या कोणत्याही खोलीत बघायचं नाही असं त्याला सांगून ठेवलेलं होतं.

तिनं विचारलं तेव्हा अंगदमामा मुळीच ओशाळला नाही. तो सगळ्यांनाच असं करून देत होता. "नवा अँटिव्हायरस घातला की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानात. मशीन स्लो झालं, फाइल गायब झाली, हे कसलं दिलाव. लोकांला आवाज नको असतोय, बाई. आवाज केला की त्यो अँटिव्हायरस वाईट. मग मी आवाजच बंद करून देतो."

"मग पैसे कशाचे घेता, मामा?"

"हिरव्या खुणेचे," अंगदमामा म्हणाला. सिंधुबाई हसल्या नाहीत, म्हणून मग तोही हसता हसता थांबला.

ऋतुजानं त्या दोन नोंदी काढल्या आणि पुन्हा तपासणी लावली. या वेळी तपासणी पन्नास मिनिटं चालली. अडुसष्ट अक्षरांची ओळ पकडली गेली. तीच टायपिंगची फाइलही पकडली गेली. अंगदमामाचं म्हणणं कायम होतं, की परवाना नाही म्हणून पकडतो, दुसरं काही नाही. हे खोटंच आहे असं ऋतुजालाही म्हणता येईना. तसं होऊ शकतं, हे तिनं वाचलं होतं. फरक कळायचा तर आणखी एक नमुना हवा होता, हाच प्रोग्रॅम, पण दुसऱ्या हातून आलेला. तोवर तिनं इंटरनेटची वायर काढून ठेवली आणि कॉम्प्युटर बंद केला. सोमवारी आलेल्या दोन गिऱ्हाइकांना सिंधुबाईंनी परत पाठवलं. त्यातलं एक पलीकडच्या दुकानात शिरताना त्यांना खिडकीतून दिसलं.

नांदेडला कोर्टाजवळ बसवराज नावाचे एक टायपिस्ट बसत. त्यांनी आणि सिंधुबाईंनी टायपिंगची परीक्षा एकाच वर्षी दिली होती. सोमवारी प्रयोगशाळा सुटल्यावर ऋतुजा त्यांच्याकडे गेली आणि नव्या पेन ड्राइव्हवर त्यांच्याकडचा प्रोग्रॅम घेऊन आली. दिवेलागणीला चहा झाला, आणि मग ती, सिंधुबाई आणि मुक्कामाला थांबलेला अंगदमामा पडद्यासमोर बसले. तिनं दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवून तपासणी चालवली.

दोन्ही पकडल्या गेल्या. अंगदमामानं 'बघ' अशा अर्थानं हात केला. पण ऋतुजा नावं वाचत होती. बसवराजकाकांच्या फाइलपुढं एकच शेरा होता, परवान्याला बगल देणारं साधन. आईच्या फाइलपुढं तो होताच, शिवाय दुसरा होता: पासवर्ड चोरणारा. आईची फाइल आकारानंही जवळजवळ तिप्पट होती. तिनं वही उघडून गुरुवारची आणि शुक्रवारची नावं पाहिली. त्या दोघांनीही हेच म्हटलं होतं; फक्त तेव्हा ताडून बघायला दुसरी फाइल नव्हती. तिनं हे सगळं आईला सावकाश सांगितलं, काय नक्की आहे आणि काय अंदाज आहे ते वेगवेगळं करून.

अंगदमामानं फाइलींचे आकडे पुन्हा ताडून पाहिले. मग म्हणाला की त्याची मूळ सीडी खराब झाली होती. तेव्हा त्यानं कुठल्याशा साइटवरून हा प्रोग्रॅम उतरवून घेतला. चालत होता, म्हणून पुढं सगळ्यांना तोच दिला.

"सगळ्यांला म्हणजे किती?" सिंधुबाईंनी विचारलं.

"असतील साठ-सत्तर."

मग त्यानं उपाय सांगितला, आणि तो तसा बरोबरच होता. कॉम्प्युटर पूर्ण पुसायचा, विंडोज नव्यानं टाकायचं, सगळेच पासवर्ड बदलायचे. उद्या दुपारपर्यंत सगळं साफ. फक्त कुणाला बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण होऊन सांगितलं तर गिऱ्हाईक तुटेल, आणि ज्यांना सांगायचं त्यांना पासवर्ड म्हणजे काय तेही माहीत नाही. "लोकांला काय समजतंय, अक्का?"

सिंधुबाईंनी कळफलकावरची धूळ बोटानं पुसली.

"त्यांला समजत न्हाई म्हणून तर ती माझ्याकडं येतात."

अंगदमामानं खिशातून फोन काढला, त्यातली नावं वर-खाली केली आणि तो पुन्हा खिशात ठेवला.

मंगळवारी ऋतुजानं रजा घेतली. अँटिव्हायरस कोणता, हा प्रश्न आता सोपा झाला होता. विंडोजच्या सोबत येतो तोच ठेवायचा, रोज अद्ययावत होऊ द्यायचा, वगळण्याची यादी रिकामी ठेवायची, आणि महिन्याच्या एक तारखेला अडुसष्ट अक्षरांची ओळ घालून तो जागा आहे की नाही ते बघायचं. टायपिंगसाठी युनिकोडमध्येही जुन्या टाइपरायटरचा कळफलक मिळत होता, फुकट आणि सरळ मार्गानं. सहा-सात अक्षरांच्या जागा तेवढ्या वेगळ्या होत्या. सव्वीस वर्षं बसलेल्या बोटांना त्या बदलायला किती दिवस लागतील, याचा तिला अंदाज नव्हता आणि तिनं तो केलाही नाही.

सिंधुबाई सकाळपासून फोन करत होत्या. ज्यांचे कागद कॉम्प्युटरमध्ये होते अशी अडतीस नावं त्यांनी काढली होती. प्रत्येकाला त्या तेच सांगत: माझ्या मशीनमध्ये चोर शिरला होता, मला माहीत नव्हतं, आज काढतोय, माझ्याकडं बसून तुम्ही कुठला पासवर्ड टाकला असेल तर तो बदला, माझ्या नावानं पत्र आलं तर उघडू नका. बहुतेक जण 'बरं' म्हणाले. देगलूरचे मास्तर या वेळी हसले नाहीत. एका वकिलांच्या कारकुनानं, इतकी वर्षं टायपिंग करता आणि एवढं कळत नाही का, म्हणून बोलून घेतलं. सिंधुबाईंनी ते ऐकून घेतलं आणि पुढचा नंबर लावला. दोघं जण येऊन आपले कागद परत घेऊन गेले. अंगदमामा दुपारच्या गाडीनं निघाला. कुणाला सांगणार आहे की नाही, हे त्यानं सांगितलं नाही, आणि सिंधुबाईंनी विचारलं नाही.

तीनच्या सुमारास पंचफुला स्वतःच आली. ती मुदखेडजवळच्या एका वाडीतली. नवऱ्याच्या मागं जमिनीवर तिचं नाव लागू नये म्हणून दीर आडवा आलेला, आणि तिचा अर्ज अजून निम्माच टाइप झालेला. फोनवर तिला नीट कळलं नव्हतं. ती दारातच उभी राहिली आणि तिनं एकच विचारलं, माझ्या दिरानं वाचला असंल का?

सिंधुबाईंनी ऋतुजाकडं पाहिलं. "खरं तेच सांग."

ऋतुजानं सांगितलं की हा चोर पासवर्ड नेणारा होता. कागद उघडून बघितल्याची काही खूण तिला सापडली नाही. दिरापर्यंत काही जाण्याचा संभव फारच थोडा आहे. पण अजिबात नाही, असं तिला सांगता येणार नाही.

पंचफुला आत येऊन बसली. पडद्यावर विंडोज चढत होतं, अडतीस टक्के झालं होतं. तिनं त्या आकड्याकडं बोट केलं.

"ह्याला किती वेळ लागंल, ताई?"

"आजचा दिवस जाईल."

"मग हातानं लिहून द्या की. हातानं लिहिलेला घेत न्हाईत का तहसिलात?"

घेत होते. सिंधुबाईंनी दोन कोरे कागद काढले. हातानं अर्ज लिहून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. पहिल्या ओळीत अक्षर उताराला लागलं, म्हणून तो कागद त्यांनी कच्चा धरला आणि मजकूर आधी त्याच्यावरच पूर्ण केला. मग दुसऱ्या कागदावर पट्टी ठेवून सावकाश उतरवला. पंचफुलानं तो दोनदा वाचून दाखवायला लावला. गट नंबर तिनं बोटांवर मोजत ताडून पाहिला आणि उजव्या कोपऱ्यात खाली सही केली.

पक्का अर्ज तिनं घडी करून पिशवीत ठेवला. मग हात पुढं केला.

"कच्चाबी द्या."

सिंधुबाईंनी दिला. पंचफुलानं तो वेगळी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, आणि सोमवारी फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नक्कल मिळाली की तिच्यावरून करायचा पुढचा अर्ज लिहायला येते, म्हणून सांगून गेली.