गालिच्याखालची सागवानी जमीन

मी एक जुनी सागवानी जमीन आहे. हसू नका, मित्रांनो. फुटक्या कपाने, फाटक्या छत्रीने तुम्हाला आपापली रडगाणी ऐकवली असतीलच. मग आयुष्यभर सगळ्यांचे ओझे वाहणारीने एकदा तोंड उघडले, तर बिघडले कुठे?

बंगळूरच्या चामराजपेटेत एका दुमजली घराच्या माडीवर मी राहते. माझे माहेर दांडेलीचे जंगल. या घरातल्या उल्हासचे आजोबा बेळगावकडून इथे आले आणि त्यांनी लाकडाची वखार घातली. माणूस बोलायला तिखट, पण लाकूड म्हटले की विरघळायचा. सरळ रेषांच्या चांगल्या फळ्या विकायच्या सोडून ते बाजूला काढून ठेवत. त्याच फळ्यांतून सुताराने मला जोडले, घासले, तेल पाजले. वखारीतली गिऱ्हाइके मला बघायला जिना चढून येत. तेव्हा मी जरा शेफारले होते, हे खरे आहे.

मी माणसांना तोंडावरून ओळखत नाही, पावलांवरून ओळखते. उल्हास टाचा आपटत चालतो. त्याची बायको सुनंदा लग्न होऊन आली, त्या दिवशी ती हळूच माडीवर आली आणि कोणी बघत नाही असे पाहून तिने अनवाणी तळवा माझ्यावर लांबवर घासला. मला ती तिथेच आवडली. पुढे ती मला कोरड्या फडक्याने पुसायची आणि दिवाळीआधी तेलाचा हात द्यायची.

मग कंप्युटर आले. नव्वद साल नुकतेच उलटले होते आणि उल्हासने माडीवर कंप्युटरचा क्लास काढायचे ठरवले.

"त्या मशिनींना धूळ चालत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत कारपेट पाहिजेच की," तो म्हणाला.

"एवढी चांगली जमीन झाकून टाकायची?" सुनंदाने विचारले.

"झाकली म्हणून कुठे पळून जाते काय?"

पळणार कुठे? भिंतींच्या कडेने तिरप्या दातांच्या लाकडी पट्ट्या माझ्यावर ठोकल्या गेल्या. मधूनमधून बारीक तारेच्या पिना मारल्या. वर निळा गालिचा ताणून बसवला आणि माझा उजेड गेला. क्लासला पोरे येत, चपला बाहेर काढून मोज्यांनी फिरत. त्यांतले एकही पाऊल मला ओळखता आले नाही. त्या वर्षांत मला फार एकटे वाटले, मित्रांनो.

पुढे क्लास वाढला आणि बनशंकरीला गेला. माडी रिकामी झाली. सुनंदाची मुलगी आसावरी तोवर भरतनाट्यम शिकू लागली होती. तिची गेज्जे पूजा ठरली. इकडे नाचणाऱ्या मुलीने पहिल्यांदा पायांत घुंगरू बांधायचे, त्याआधी त्यांची पूजा होते आणि मग गुरूंसमोर नाच. वसंत पंचमीचा मुहूर्त निघाला. सुनंदाने सांगून टाकले, "माझी मुलगी आपल्या माडीवरच नाचणार. कारपेट काढा."

गालिचा गुंडाळून निघाला. माझ्या अंगावर कितीतरी वर्षांनी ऊन पडले. पण पट्ट्या आणि पिना तशाच राहिल्या. अनवाणी नाचणाऱ्या पोरीच्या तळव्यात त्यांतली एक जरी घुसली असती, तरी सगळा सोहळा रक्तात गेला असता.

उल्हासला धीर म्हणून नाही. त्याने हातोडीचे मागचे दोन दात दाराजवळच्या पट्टीखाली घातले आणि सगळा जोर लावला. पट्टी निघाली, पण हातोडीचे डोके माझ्या फळीत रुतले आणि चांगली खोक पडली. मी कळवळले.

"अहो, भांडण काढताय की खिळे?" सुनंदा धावत आली. तिने हातोडी काढून घेतली. स्वयंपाकघरातून डोशाचे पातळ उलथने आणले आणि ते पट्टीखाली सरकवले. त्या निळ्या गालिच्याचाच एक तुकडा घडी करून माझ्यावर ठेवला, त्यावर हातोडी टेकवली आणि एकेका खिळ्यापाशी पट्टी थोडी थोडी उचलत गेली. पिना ती पकडीने धरून सरळ वर ओढायची. घाई नाही की आदळआपट नाही. मला गुदगुल्या झाल्या म्हटले तरी चालेल.

पण माझी सुनंदाही शेवटी सुनंदाच. पूजा आहे म्हटल्यावर जागा पाण्याने धुतल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडेना. थोड्या पिना काढायच्या राहिलेल्या असताना तिने माझ्यावर बादल्या ओतल्या आणि खराटा मारला! लाकडाला अशी आंघोळ सोसत नाही, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? फटींतून पाणी खाली गेले आणि थेट उल्हासने खालच्या खोलीत ठेवलेल्या घरच्या कंप्युटरवर टपकू लागले.

"धुळीपासून जपलं आणि आता अभिषेक घालतेस काय?" तो खालून ओरडला.

माझ्या फळ्या फुगल्या, कडा उचलल्या, राहिलेल्या पिना घट्ट रुतल्या. उल्हासने रागारागाने देवाप्पा गवंड्याला बोलावले. देवाप्पाने माप घेतले. "सरी अक्का, ठीक आहे, या फळ्या काढून टाकू, स्लॅब ओतू, वर टाइल्स. झकास होतंय."

सुनंदा मध्ये पडली. "चूक माझी आहे. वसंत पंचमीपर्यंत थांबा. तोवर ही सरळ झाली नाही, तर तुमच्या मनासारखं करा."

उल्हास गुरगुरला, पण थांबला. सुनंदाने खिडक्या उघड्या टाकल्या आणि मला ऊन नव्हे, वारा दिला. कोरड्या हवेत माझ्या फळ्या हळूहळू बसल्या. मग तिने उरलेल्या पिना ओढल्या आणि वातींच्या कापसाचा बोळा माझ्या अंगावरून फिरवत निघाली. जिथे कापूस अडकला, तिथे पिन होती.

पूजेच्या आदल्या दिवशी आसावरीच्या गुरू हेमलता जागा बघायला आल्या. टाइल्सचा बेत त्यांच्या कानावर गेला होता. त्यांनी एक पाय आपटून पाहिला आणि मी आतून घुमले.

"नोडी उल्हास, हे बघा," त्या म्हणाल्या, "मी जन्मभर सिमेंटवर नाचले. आता जिना चढताना गुडघे रडतात. ही जमीन स्वल्प दबते, म्हणून पाय वाचतो. मुलीला टाइल्सवर नाचवू नका."

तेवढ्यात दाराजवळ सुनंदाचा कापूस अडकला. उल्हासने पाडलेल्या खोकेतच एक तुटकी पिन लपून बसली होती. त्याने स्वतः उलथने मागितले, गालिच्याचा तुकडा ठेवला आणि श्वास रोखून ती पिन वर काढली. मला जरासुद्धा लागले नाही.

दुसऱ्या दिवशी माडी माणसांनी भरली. घुंगरू बांधून आसावरी उभी राहिली. नाचणारे आधी वाकून जमिनीला हात लावतात आणि तुझ्यावर पाय आपटणार, क्षमा कर म्हणतात. तिचे कोवळे हात माझ्यावर टेकले. मग ती नाचली, आणि मी तिच्या प्रत्येक पावलाला साथ दिली. एकही पिन तिला टोचली नाही. सुनंदा कोपऱ्यात पदर डोळ्यांना लावून उभी होती.

पाहुणे जेवायला खाली गेले. उल्हास मागे राहिला. टाचा न आपटता तो दाराजवळ आला, खाली वाकला आणि त्या खोकेवरून बोट फिरवत पुटपुटला, "लई लागलं काय गं?"

देवाप्पा पुन्हा कधी माप घ्यायला आला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही गालिच्याखाली, रंगाखाली, कॅलेंडरामागे माझ्यासारखे कोणीतरी असेल. झाकलेले उघडताना जोर करू नका, आधी हात फिरवून बघा. आणि चुकून खोक पाडलीतच, तर निदान वाकून विचारा.