गवत आडवं करायचा दिवस

फळीच्या टोकांना बांधलेली दोरी दोन्ही मुठींत आवळून तिनं डावा पाय फळीवर ठेवला आणि अंगातला सगळा जोर टाचेत उतरवला. कमरेएवढं गवत करकरत आडवं पडलं. फळी उचलली, वीतभर पुढं टाकली, पुन्हा टाच.

"अगं ठिणगे, गवत आहे ते, साप नाही!" बांधावरून साहेब ओरडले.

"बापाशी बोलून आलेय," ती मागं न वळता म्हणाली. "मध्ये येऊ नका."

साहेब आले नाहीत. तीस वर्षं कचेरीत फायली हलवून ते इथं माती हलवायला आले होते, आणि आल्या दिवशीच त्यांना कळलं होतं की इथं माती हलवायचीच नसते. नांगर नाही, कुदळ नाही, उघडी जमीन तर वीतभरही नाही. जमिनीवर गवत वाढवायचं, ते फुलोऱ्यावर आलं की फळीनं दाबून तिथंच झोपवायचं आणि त्या गादीत बोटानं भोकं पाडून रोपं लावायची. सगळे काकी म्हणायचे त्या बाईंची शेती ही अशी. शिकायला येणाऱ्यांनी तिथंच राहायचं, दिवसभर काम करायचं, त्याबदल्यात खाट आणि दोन वेळचं जेवण. पहिला महिना परीक्षेचा. महिना संपला की काकी सांगणार, वर्षभर राहा, नाहीतर घरी जा.

तिचा महिना रविवारी संपत होता. आणि रविवारीच बाबा येणार होते.

"शाळा अर्धी सोडलीस," सकाळी फोनवर बाबा म्हणाले होते. "शिवणाचा क्लास अर्धा सोडलास. मामानं दुकानात जागा धरून ठेवलीय. सोमवारी हजर व्हायचं."

"इथलं मी काही अर्धं सोडलेलं नाही."

"अजून," बाबा म्हणाले होते, आणि फोन ठेवला होता.

त्या एका शब्दानं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. काकी पंप दुरुस्त करून घ्यायला दिवसभर बाहेर होत्या. कणीस तळहातावर झटकायचं, पिवळी पूड पडली तर गवत तयार, एवढं त्यांनी शिकवलं होतं. तिनं फाटकाशी जाऊन तीन कणसं झटकली, तळहात पिवळा झाला, आणि तिनं फळी घेतली. संध्याकाळी तुकड्याच्या खालच्या टोकाला पोचली तेव्हा तळव्यांना फोड आले होते आणि मागं सगळं रान तेल लावून विंचरल्यासारखं एका दिशेला झोपलं होतं. अर्धं म्हणे! बघा आता.

काकी परतल्या. बाईच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. पाऊस पडला काय नि पंप बुडाला काय, चेहरा तोच. खालच्या टोकाला जाऊन त्या वाकल्या, गादीतून एक काडी उपसली, कणीस नखानं सोललं. आत हिरवंगार, ओलं.

"कुठं झटकून पाहिलंस?"

"वर. फाटकाशी."

"आणि इथं?"

ती फळीची दोरी गुंडाळायला लागली.

"उठेल हे," काकी म्हणाल्या.

"कसं उठेल? चांगलं दाबलंय मी. हे बघा हात."

"हातानं काय होतंय? फुलून झालं की त्याचं काम संपतं, मग पाडलं की पडून राहतं. त्याआधी पाडलं तर त्याला अजून लेकरं व्हायची असतात. ते उठणारच, बाई." आणि काडी तिच्या हातात देऊन त्या पंप उतरवायला गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, गवत निमूट पडून राहिलं, तेव्हा तिला वाटलं, काकींनाही सगळं कळतं असं थोडंच आहे. शुक्रवारी सकाळी गादी जरा फुगल्यासारखी दिसली. शनिवारी प्रत्येक काडी पेरापाशी वाकून शेंडा वर करून उभी होती. हजारो काड्या, सगळ्या गुडघ्यावर.

साहेब कपबशी घेऊन बांधावर आले आणि बराच वेळ बघत राहिले.

"उतावळ्या नवऱ्याचं गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं. उतावळ्या नवरीचं गवतच गुडघ्यावर!"

तिनं फळी भिरकावली. ती साहेबांपासून दोन हात लांब पडली, पण चहा सांडायचा तो सांडलाच.

"बरं बरं," बशी झटकत साहेब म्हणाले. "आता ऐक. पलीकडच्या मळेवाल्याकडं कापायचं यंत्र आहे. माझा शब्द तो मोडणार नाही. तासाभरात सगळं साफ. उद्या तुझे बाबा येतील, त्यांना काय कळतंय? दिसायला झकास दिसेल."

"आणि नंतर?"

"नंतर परत फुटेल. पण तोवर रविवार उलटलेला असेल ना."

तिला ते पटलं. खरं सांगायचं तर चांगलंच पटलं. शेडमध्ये भोपळ्याची तीनशे रोपं ट्रेमध्ये ताटकळत होती, मुळं खालच्या भोकांतून बाहेर डोकावत होती. आणखी आठवडाभर जागा मिळाली नाही तर ती फेकायचीच होती. उद्या काकी बाबांना काय सांगणार हे तिला ऐकू येत होतं: पोरगी कामाची आहे, पण थांबता येत नाही तिला. मग मामाचं दुकान. दिवसभर काउंटरमागं, मामीच्या डोळ्यांखाली.

मळेवाल्याकडं जायची वाट तुकड्याच्या कडेनं वर जात होती. ती तरातरा निघाली. कुठं तरी बघायचं म्हणून गवताकडं बघत होती, शिव्या घालत, आणि फाटकाच्या वीसेक पावलं अलीकडं तिचे पाय आपोआप थांबले.

इथलं उठलं नव्हतं.

ती खाली बसली. गवत वाळून फिकं पडलं होतं, चटईसारखं चिकटून. एक काडी ओढली तर कटकन तुटली. खालच्या बाजूला मात्र हिरव्या काड्या उभ्या. मधली रेघ इतकी सरळ होती की कुणी दोरी लावून आखल्यासारखी.

यंत्र राहिलं. शेडमधून तिनं लोखंडी सळई आणली आणि रेघेच्या वर जमिनीत खुपसली. वीतभर गेली आणि टणकन दगडाला लागली. रेघेच्या खाली खुपसली, ती मूठ टेकेपर्यंत आत. मग पाच पाच पावलांवर खुपसत ती दुपारभर फिरली. साहेब दोनदा जेवायला हाक मारून गेले. तिसऱ्यांदा ताट तिथंच आणून ठेवलं, जरा लांबूनच.

रविवारी बाबा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. आयुष्य लोकांच्या घरांत फरश्या बसवण्यात गेलेलं. कुठंही गेले की आधी खाली बघायची सवय. तुकड्यापाशी येऊन त्यांनी खाली बघितलं.

"हे काय झालंय?"

साहेबांनी घसा खाकरला. "परवा वारा फार—"

"वारा नाही, साहेब," ती म्हणाली. "मी केलंय. फुलायच्या आधी पाडलं, म्हणून उठलं. रागात होते. तुमच्यावर, बाबा."

बाबांनी काकींकडं बघितलं. काकी बांधावर टेकून उभ्या होत्या, चेहरा तोच.

"म्हणजे इथंही—" बाबांनी सुरुवात केली.

"थांबा ना बाबा, माझं झालं नाही." बांधावरची सळई उचलून ती फाटकाकडं चालायला लागली, म्हणून सगळ्यांना मागं जावं लागलं. "सगळं नाही उठलेलं. हे बघा. एवढी पट्टी मेलीय, एकही काडी उभी नाही. वर माती वीतभर, खाली दगड. गवताला इथं पोट भरून मिळत नाही, म्हणून ते आधी फुलून घेतं. खाली माती खोल, तिथं त्याला कसली घाई? मी फाटकाशी झटकून बघितलं आणि सगळं एकच समजले, ही माझी चूक." ती काकींकडं वळली. "पण तुम्हीही एकच समजता, काकी. तुम्ही अख्खा तुकडा एका दिवशी पाडता."

साहेबांनी डोळे मिटले.

"वीस वर्षं," काकी म्हणाल्या.

"मग वरच्या बाजूला दरवर्षी हेच गवत पुन्हा उगवतं, उपटून उपटून कंबर मोडते, असं तुम्हीच सांगता. का उगवतं? खालचं फुलायची वाट बघता तुम्ही, तोवर वरच्याला बी धरतं. हा एक तुकडा नाहीच आहे. दोन आहेत."

मग काकींनी हात पुढं केला. तिला आधी कळेना, मग तिनं सळई त्यांच्या हातात दिली. सळई घेऊन काकी एकट्याच उतारावरून खाली निघाल्या. थांबायच्या, खुपसायच्या, पुढं जायच्या.

बाबा उकिडवे बसले आणि वाळलेल्या गादीवर त्यांनी तळवा फिरवला.

"उतार फाटकाकडून आहे," ते म्हणाले.

"हो."

"वरची माती धुपून खाली साठलीय. कित्येक वर्षांची." त्यांनी एक डोळा बारीक करून तुकड्याची पातळी बघितली. "डोळ्याला जेमतेम कळेल एवढाच उतार आहे. पण माती वाहायला पुरेसा. वरची माती कमी आहे हे तुला कसं दिसलं?"

"मला नाही दिसलं. गवताला दिसलं."

बाबा हसले नाहीत, पण उठलेही नाहीत. "भोकाला किती अंतर ठेवतात, त्या भोपळ्याच्या?"

"तीन पावलं. पण ओळ सरळ हवी."

"सरळ तर हवीच," बाबा म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

काकी वर आल्या तेव्हा धाप लागली होती आणि सळई मुठीपर्यंत मातीनं माखली होती. ती त्यांनी साहेबांच्या इस्त्रीच्या पँटीला टेकवून उभी केली.

"वरच्या पट्टीत रोपं उद्या लावायला घे," त्या तिला म्हणाल्या. "दीडशे मावतील. उरलेली मोठ्या ट्रेमध्ये हलव. खालचं कधी पाडायचं?"

ती उतार उतरून खालच्या टोकाला गेली. एक कणीस झटकलं. मग दहा पावलं डावीकडं दुसरं. मग अगदी मधोमध तिसरं. तळहात उन्हाकडं धरून बघितला आणि परत आली.

"अजून नाही."

"कधी?"

"रोज बघून सांगते."

"सांग," काकी म्हणाल्या. "आणि भोपळा निघाल्यावर तिथं पुढचं काय पेरायचं, तेही तुझ्याच डोक्यात असू दे. भाऊ, तुम्ही जेवूनच जा." आणि त्या घराकडं निघाल्या.

बाबांनी खिशातून फोन काढला आणि जरा बाजूला जाऊन उभे राहिले. बाजूला म्हणजे चार पावलं. बाबांचा फोनवरचा आवाज शेजारच्या गल्लीतही ऐकू जायचा.

"हां, मीच बोलतोय. अरे, ते दुकानाचं... दुसरा कोणी बघ तू. नाही, पळाली नाही. नाही रे, भांडणही नाही. इथंच आहे, समोर. कधीपर्यंत म्हणजे? वर्षभर तरी." ते थांबले. पलीकडून मामा बराच वेळ बोलत होता. बाबांनी खाली, उभ्या गवताकडं नजर टाकली.

"आता कसं सांगू तुला," ते म्हणाले. "गवत फुलायचंय."