अर्ध्या दारावरची शाल

मित्रांनो, मी एक जुनं अर्धं दार आहे. अर्धं म्हणून हसू नका. मोठ्यांच्या कमरेएवढं आणि छोट्यांना ओलांडता येणार नाही इतपत, असं मला मुद्दामच केलं होतं. सुताराने मोडक्या टेबलाच्या फळ्या तासून मला घडवलं आणि एका पाळणाघरात बसवलं.

सकाळी कामावर जाणारे आईबाप माझ्यावरून मुलं आत देत आणि मुलं लगेच भोकाड पसरत. त्यावर पाळणाघर चालवणाऱ्या काकूंनी तोडगा काढला. प्रत्येकाने आपली एखादी वस्तू माझ्यावर टाकून जायची. वस्तू इथे आहे म्हणजे माणूस परत येणार, एवढं मुलांना पक्कं कळे. एक बसड्रायव्हर बाबा तर स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर ठेवून दिवसभर उन्हात बस हाकत.

फी वाढवावी तर आयांना परवडेना, न वाढवावी तर काकूंचं भागेना. पाळणाघर बंद पडायला आलं होतं. अखेर सरकारी अनुदान मिळालं, फी उतरली, नव्या गाद्या आल्या, मदतीला एक ताई आली. मलाही आनंद झाला. पण पैशांबरोबर नियम आले. दार पूर्ण उंचीचं, गुळगुळीत हवं आणि जुनं फर्निचर आत नको. माझी रवानगी परसात झाली.

नवं दार बघायला तपासणीच्या मॅडम आल्या, त्या सकाळी गुंडी नावाची चिमुरडी आईच्या गळ्यातून सुटेना. तिची आई नर्स. नवं दार लागल्यापासून तिला रोज उशीर होत होता.

"काकू, आज उशीर झाला तर उद्यापासून येऊ नकोस म्हणालेत हो हॉस्पिटलात," ती रडवेली होऊन म्हणाली.

ताईने आईची शाल खुंटीला लावली.

"तिथे नाही! दारावर!" गुंडी किंचाळली.

काकू तरातरा परसात गेल्या, मला उचलून आणलं आणि भिंतीला टेकवलं. आईने शाल माझ्यावर टाकली. गुंडीने शालीचं टोक हातात धरलं आणि म्हणाली, "जा." आई धावत सुटली.

"काकू, जुनं फर्निचर चालत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग काढा तुम्हीच. तिच्या हातातून शाल सोडवा आधी."

मॅडम गुंडीजवळ वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "फर्निचर चालत नाही. खेळणं चालतं. नीट घासून, रंगवून भिंतीला पक्कं बसवा."

तेव्हापासून सरकारदरबारी मी खेळणं आहे. या वयात बढतीच म्हणायची!

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे मोठा साहेब झालाच, तर पाळणाघरांना पैसे जरूर द्या. नवं दारही द्या. फक्त जुनं काढण्याआधी एका सकाळी तिथे येऊन उभे राहा.

संध्याकाळी टोप्या, ओढण्या एकेक करून उचलल्या जातात. गुंडीच्या आईची शाल बहुधा शेवटी जाते. मग माझ्यावर काहीच उरत नाही आणि मला फार बरं वाटतं.