आमरसाची तारीख

गोपाळकृष्ण लेल्यांनी अकरावं जर्नल उघडलं, पहिलीच ओळ वाचली आणि मोठ्यानं म्हणाले, "पंखा बंद होता."

समोर उभ्या असलेल्या शुभंकरनं दचकून वर पाहिलं. वरचा पंखा तर चांगला गरगरत होता.

"हा नव्हे रे, तुझ्या कोर्टातला. 'पंखा बंद असल्याने माननीय न्यायाधीश रुमालाने कपाळ पुसत होते.' सकाळपासून अकरा जर्नलं झाली. अकरा जण अकरा वेगवेगळ्या दिवशी कोर्टात गेले आणि एकालाही वारा लागला नाही?"

"सर, तो पंखा आमच्याकडे आठ वर्षं बंद आहे," शेजारी बसलेल्या नीरजा मॅडम चहा ढवळत म्हणाल्या. "चौऱ्याण्णव साली कुणीतरी खरंच कोर्टात जाऊन आलं होतं. त्यानंतर कुणाला जायची गरज पडली नाही."

लेले खो खो हसले. आठवड्याचा एक रविवार, तोही एप्रिलचा शेवटचा, दोन हजार दोन सालातला, अंगाची काहिली होत होती. पण माणूस मजेत होता. नोकरदारांसाठी सकाळी भरणारं ते लॉ कॉलेज. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी कोर्टात जाऊन बसायचं, डोळ्यांनी पाहिलेलं जर्नलमध्ये लिहायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकानं त्यावर तोंडी परीक्षा घ्यायची. विषय, वकिलाची नीतिमत्ता. यात पास झाल्याशिवाय सनद नाही. आणि नीतिमत्तेच्या या विषयात अख्खा वर्ग मागच्या वर्षीचं जर्नल उतरवून काढतो, याची आता कुणाला गंमतसुद्धा वाटत नव्हती. लेल्यांना मात्र वाटत होती.

शुभंकर एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याचं जर्नल कॉम्प्युटरवर टाइप केलेलं, स्पायरल बांधलेलं, वर प्लास्टिकचं कव्हर.

"शुभंकर, ही नम्रता कोण?"

"कुठली, सर?"

"प्रत्येक पानाच्या तळाशी बसलीय ती."

शुभंकरनं वाकून पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"फूटर बदलायचा राहिला, सर."

"तिला माझा नमस्कार सांग. जा."

मग बारावा आला. उत्तरेश्वर घुगे, मूळचा बीडकडचा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार. सकाळी कॉलेज, दुपारी तीनपासून पाळी. त्याचं जर्नल म्हणजे खाकी कव्हर घातलेली दोनशे पानी वही. लेल्यांनी मधलंच एक पान उघडलं आणि त्यांची कळी खुलली. अक्षर ओबडधोबड होतं, खाडाखोड होती आणि पंख्याचा पत्ताच नव्हता.

"बघा मॅडम, हा बसलाय कोर्टात! याला म्हणतात जर्नल. ऐका हं." लेले खणखणीत आवाजात वाचू लागले. "'दिनांक नऊ एप्रिल. दावा विश्रांतवाडीच्या जमिनीचा. प्रतिवादी दत्तोबा, वय चौऱ्याहत्तर, साक्ष द्यायला आलेले. साडेदहापासून बाकावर बसून आहेत. सव्वाअकराला पुकारा झाला. वादीचे वकील, जाडजूड, सोनेरी चष्मा, नाव समजले नाही...'"

इथं लेले वाचायचे थांबले. पुढचं त्यांनी मनात वाचलं.

'...उभे राहून म्हणाले की, प्रतिवादीने दिलेल्या कागदांची नक्कल मला मिळालेली नाही, पुढची तारीख द्यावी. मी त्यांच्या मागच्याच बाकावर होतो. नक्कल त्यांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर होती. तिच्यावर मिळाली असे लिहून सही केलेली दिसत होती. प्रतिवादीचे वकील गप्प बसले. पुढची तारीख २ मे. दत्तोबांनी मला विचारले, काय झाले. मी सांगितले. ते म्हणाले, मग जेवून घेऊ. त्यांनी मला अर्धी भाकरी दिली. कोरड्यास मेथी होती.'

खाली विद्यार्थ्याच्या अभिप्रायाची जागा होती. बाकी अकरा जण तिथं न्यायदानाची प्रक्रिया पाहून भारावून गेले होते. उत्तरेश्वरनं लिहिलं होतं, 'वकीलसाहेबांची काहीतरी अडचण असेल. मला कळली नाही. वकील झाल्यावर कळेल.'

लेल्यांनी सोनेरी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग तो तिथं फारच चमकतोय असं वाटून खिशात घातला.

अडचण होती ना. लेकीच्या, सुरुचीच्या सासरी बारा वाजता आमरसाचं जेवण होतं. साक्ष सुरू झाली असती तर दीड वाजला असता. तारखा काय, वकील एकमेकांना देतातच. मार्चमध्ये लेल्यांनी प्रतिवादीच्या वकिलाला, हिंमतरावांना, अशीच एक दिली होती, म्हणून एप्रिलमध्ये हिंमतराव गप्प बसले. त्यात अशिलाचं काही बिघडत नाही, कोर्टाचं काही बिघडत नाही, असं लेले अडतीस वर्षं धरून चालले होते. बाकावर बसलेला म्हातारा त्यांच्या हिशेबात कधी आलाच नव्हता. नव्या वकिलांच्या शिबिरात दरवर्षी हेच लेले टेबलावर मूठ आपटून सांगत, वकिलानं कोर्टाशी खोटं बोलायचं नाही. आता मात्र त्यांना अशी लाज वाटली की समोरचा साबुदाणावडा नकोसा झाला.

"हे वकील कोण, ओळखतोस?"

उत्तरेश्वर दाराकडे बघत उभा होता. शर्टची कॉलर घामानं भिजली होती.

"आज ओळखलं, सर. आत आलो तेव्हा."

"लिहिताना ओळखत असतास, तर लिहिलं असतंस?"

उत्तरेश्वरनं कॉलर सारखी केली.

"लिहिलं असतं, सर. 'जाडजूड' नसतं लिहिलं."

नीरजा मॅडमनी कप तोंडाला लावला तो खाली आणेनात. लेल्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"हे जर्नल आपण तपासलंत?"

"तपासलं. सहीसुद्धा आहे खाली."

"आणि हे वकील कोण, ते आपल्याला..."

"वर्णन मला पुरेसं वाटलं, सर."

आता आली का पंचाईत! जास्त मार्क द्यावेत तर तोंड बंद ठेवायची लाच दिल्यासारखं होतं. कमी द्यावेत तर सूड उगवल्यासारखं. या पोरानं पाळ्या सांभाळून, रजा टाकून कोर्टाचे बाक झिजवले होते आणि आता त्याची सनद लेल्यांच्या पेनाच्या टोकावर येऊन अडली होती. लेल्यांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग उत्तरेश्वरच्या नावापुढं मार्कांची जागा मोकळी सोडून त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'परीक्षक स्वतः या जर्नलमधील पात्र असल्यामुळे गुण देऊ शकत नाहीत. गुण नीरजा मॅडम यांनी द्यावेत.' खाली पूर्ण सही केली.

"जा तू," ते म्हणाले. "आणि दोन तारखेला सुट्टी मिळते का बघ."

त्या दिवशी घरी ताटात आमरसाची वाटी आली. लेल्यांनी ती हळूच बाजूला सारली. बायकोनं त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

पुढचे चार दिवस वाईट गेले. आपण मुलाला काहीच कबूल केलेलं नाही, असं एक मन म्हणे. दोन तारखेला गुपचूप उलटतपासणी घ्यावी, मोकळं व्हावं, कोण विचारतंय? आणि कोर्टात खरं बोललोच, तर वकिलांच्या खोलीत हिंमतराव हे वर्षभर चघळणार. अडतीस वर्षांत 'लेलेंचा शब्द' म्हणून न्यायाधीश कागद न मागता मान डोलवत, तो शब्द एका वाटीपायी जाणार. गुरुवारी सकाळी कोर्टाच्या जिन्यावर ते दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा बुटाची नाडी सुटलीय का ते पाहिलं.

दत्तोबा बाकावर बसलेले होते. काठी गुडघ्यांत, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. आयटीवाले राहायला आल्यापासून त्यांच्या जमिनीचा भाव आभाळाला भिडला होता आणि लेल्यांच्या अशिलाला ती हवी होती. म्हातारा मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत शांत बसला होता.

पुकारा झाला. लेले उठले. फाइलीतली नक्कल त्यांनी हातात धरली.

"साहेब, काम सुरू होण्याआधी एक सांगायचंय. मागच्या तारखेला मी म्हणालो होतो की नक्कल मिळाली नाही. ती मिळाली होती. ही बघा, माझीच सही. मी खोटं बोललो. माझ्या अशिलाचा यात काही दोष नाही. हे माझ्या नावावर लिहून घ्यावं."

कारकुनाचं पेन थांबलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कारण काय होतं, लेलेसाहेब?"

आता एकदा सुरुवात केलीच होती.

"आमरस होता, साहेब. व्याह्यांकडे."

न्यायाधीश खुर्चीत पुढं झुकले.

"हापूसचा?"

"पायरीचा."

मागून हशा उसळला. तेवढ्यात हिंमतराव मिशीवरून हात फिरवत उभे राहिले. लेल्यांनी मनाची तयारी केली.

"साहेब, नक्कल मीच दिली होती," हिंमतराव म्हणाले. "माहीत असून मीही गप्प बसलो. लिहायचं तर तेही लिहावं."

न्यायाधीशांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि दोन्ही लिहून घेतलं. पुन्हा असं झालं तर आंब्यावर निभावणार नाही, अशी कोरडी तंबी दिली. मग म्हणाले, "आजोबांची साक्ष आत्ता, सगळ्यांच्या आधी."

लेल्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं त्यांना सनद मिळाल्याच्या दिवशीही वाटलं नसेल. पण हा हशा एवढा मोठा कसा, म्हणून त्यांनी मागं पाहिलं. शेवटचे तीन बाक गच्च भरले होते. शुभंकर, त्याच्या मागं तो पंखेवाला सगळा वर्ग, आणि टोकाला नीरजा मॅडम. प्रत्येकाच्या मांडीवर कोरी वही आणि सगळे खाली मान घालून लिहितायत.

साक्ष तास-सव्वातास चालली. लेल्यांनी उलटतपासणी कसून घेतली, कारण तेही कर्तव्यच होतं, आणि म्हाताऱ्यानं एकाही प्रश्नाला दाद दिली नाही. बाहेर व्हरांड्यात नीरजा मॅडम भेटल्या.

"सगळ्यांची जर्नलं परत केली मी," त्या म्हणाल्या. "नवी लिहून आणायला सांगितली. तारीख उत्तरेश्वरच्या वहीत होतीच."

"मी काय बोलणार ते आपल्याला कुठं ठाऊक होतं?"

"नव्हतं. काहीही बोलला असतात तरी त्यांनी लिहिलं असतंच."

"आणि त्याचे मार्क?"

"दिले. पास आहे. किती ते सांगता येणार नाही, आपण पात्र आहात त्यात."

शुभंकर शेजारून गेला तेव्हा लेल्यांनी त्याच्या वहीत डोकावलं. पहिली ओळ होती, 'पंखा चालू होता.'

आवारातल्या झाडाखाली दत्तोबांनी फडकं सोडलं होतं. शेजारी उत्तरेश्वर वही उघडून बसला होता. लेले जवळ गेले आणि उभेच राहिले.

"आजोबा, मागच्या वेळी तुमचा दिवस मी फुकट घालवला. चुकलं माझं."

"आता झालं न्हवं काम," दत्तोबा म्हणाले. त्यांनी भाकरी मोडली आणि अर्धी लेल्यांपुढं धरली. "घ्या. बसा खाली."

"मी समोरच्या बाजूचा वकील आहे. तुमच्याकडून काही घेता येत नाही मला."

"भाकर हाय ती. तुमच्या दाव्याला काय व्हतंय तिनं?"

लेल्यांनी उत्तरेश्वरकडे पाहिलं. उत्तरेश्वरनं वही मिटली आणि पेनाला टोपण लावलं.

लेले काळ्या कोटासकट जमिनीवर बसले. भाकरी हातात घेतली, तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चावू लागले.

"लिही," ते म्हणाले. "कोरड्यास काय होतं तेसुद्धा लिही."

उत्तरेश्वरनं टोपण काढलं आणि डब्यात वाकून पाहिलं. शेंगदाण्याची चटणी होती.