पारधी वस्तीची सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. माझे निळे पट्टे आता नीट ओळखूही येत नाहीत. हातमागावरून उतरले तेव्हा वाटले होते, एखाद्या लग्नघरी जाईन. पण मला विकत घेतले बजाजनगरच्या करुणाताईंनी. कारखान्यातली नोकरी सांभाळून त्या पारधी आदिवासींच्या हक्कांसाठी चळवळ चालवत.

पैठण तालुक्यातल्या एका गावाबाहेर पारध्यांची सात घरे होती. गावातल्या बद्रीनाथची विहिरीवरची मोटार नाहीशी झाली आणि संशय थेट वस्तीवर गेला. कुणी काही विचारले नाही. सकाळी गावातली माणसे आली आणि सातही घरे मोडून निघून गेली.

वस्तीतली साळूबाई आपल्या माणसांना घेऊन तहसील कचेरीसमोर धरणे धरून बसली आणि करुणाताईंनी मला तिथे अंथरले. अकरा दिवस सारी माझ्यावरच जेवली, निजली. उन्हाने माझा रंग उडाला, पण त्या दिवसांचा मला अभिमान आहे. अखेर घरांची जागा नावावर करण्याचा कागद हाती आला.

करुणाताई म्हणाल्या, "कागद झाला. पण राहायचं याच गावाशेजारी ना? बोलावं लागंल."

मग मला गावातल्या शाळेसमोर अंथरले. पारधी बसले. गावकरी लांबच उभे राहिले. बऱ्याच वेळाने बद्रीनाथने चपला काढल्या आणि तो साळूबाईसमोर येऊन बसला.

"साळूबाई, मोटार माझ्या साडूनंच दुरुस्तीला नेली व्हती. चार दिवसांनी कळलं मला. लाज वाटली, बोललो नाय."

"माझं घर मोडलं तवा तुमी व्हते का, भाऊ?"

"व्हतो." त्याने मान खाली घातली. "छपराची एक मेढ मीच उपटली."

साळूबाईची मूठ माझ्यावर आवळली. मला वाटले, आता ही उठून जाणार.

"मंग ती मेढ तुमीच रोवा," ती म्हणाली. "माफीचं नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ पहार घेऊन आला. त्याच्यामागून आणखी पाच जण आले. सारे गाव आले नाही, हेही खरे. पण घरे उभी राहिली. आता बद्रीनाथ वस्तीवर चहाला थांबतो. माफीचा शब्द मात्र साळूबाईने अजून काढलेला नाही.

मी हल्ली चळवळीच्या खोलीत घडी होऊन पडलेली असते. मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, उसवले तिथे टाका घाला. आणि तुमच्या हातून कुणावर अन्याय झाला, तर त्याच दिवशी त्याच्यासमोर जाऊन बसा. अंथरायला मला न्या.