चाळीस पावलं

दलदलीतलं उंच पाणकणीस कापायचं यंत्र मी चालवतो, आणि यंत्रासमोर कोणी धावत आलं की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी माझी ताईच आली, गुडघाभर चिखलातून, दोन्ही हात हलवत. यंत्र बंद केलं.

ताई दलदलीतल्या पक्ष्यांची नोंद ठेवते. तापस म्हणजे लपून राहणारा छोटा बगळा. त्याच्या तीन जातींपैकी पिवळी तिच्या नकाशात आमच्या दलदलीपर्यंत कधी पोचलीच नव्हती. यंदा पोचली, चांगली पाच घरटी झाली. घरट्याजवळ ताईनं लाल फीत बांधायची आणि फितीभोवतीचं मी कापायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. चार घरटी कावळ्यांनी फस्त केली.

"पाचव्याची फीत पहाटे सोडली मी," ती धापा टाकत म्हणाली. "कावळे फीत बघूनच येतात रे. तुला किती फोन केले!"

यंत्राच्या घरघरीत फोन कुठला ऐकू येतोय? फीत दिसेना म्हणून मी सकाळपासून बिनघोर कापत सुटलो होतो. तिला वाटेल ते बोललो. मग विचारलं, घरटं आहे कुठे? काठापासून सरळ आत चाळीस पावलं, तिनं मोजून ठेवली होती. कुठला काठ? तर पाणकणसाचा. तो काठ मीच फेरीगणिक मागे सारत आणला होता.

जुना काठ बांधावरच्या खुंटापाशी होता. तिथून ताई चालू लागली, मी मागून मोजत होतो. पायाखाली नुसते बुडखे. पंचवीस. तीस. दर पावलाला मी खाली पिसं शोधत होतो. छत्तिसाव्या पावलाला उभं पाणकणीस लागलं. आणखी चार पावलांवर ताईनं दोन पाती अलगद बाजूला केली. चोच आभाळाकडे करून तापस काडीसारखा ताठ होता, पायांशी अंडी. माझा जीव भांड्यात पडला. पुढची फेरी त्याच्यावरूनच गेली असती.

"एवढा झुबका ठेवतो," मी म्हटलं. "बाकीचं आज उरकलं नाही तर मुकादम मला कामावरून काढेल."

ताई मागे वळून बघत राहिली. मीही बघितलं. एवढ्या सपाट केलेल्या जागेत एकटा झुबका फितीपेक्षा ठळक दिसला असता. बांधावर दोन कावळे येऊन बसले होते.

मी खिशातली यंत्राची चावी काढून तिच्या हातात दिली.

"मुकादमानं विचारलं तर सांग, हिसकावून घेतलीस."