चमकी निसटलेला गोळा

त्या रविवारी दुपारी बाबांनी मला कापसातून बाहेर काढले, आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसले आणि घरंगळून जाऊ नये म्हणून टेबलावरच्या वाटीत बसवले.

मित्रांनो, मी एक जुना काचेचा गोळा आहे. नाताळच्या झाडावर टांगतात तसा. पण मी दुकानातून नटूनथटून आलेलो नाही. मी याच टेबलावर घडलो. माझ्या पोटात सोनेरी चमकी आहे, मात्र ती सगळीकडे नाही. एका बाजूची चमकी निसटून तळाशी बसली आणि तिथली काच उघडीच राहिली. म्हणून या घरात मला टकल्या म्हणतात. त्या उघड्या जागेतून मी बाहेर पाहतो. मला खोली वाकलेली दिसते. खिडकीला बाक येतो, माणसांची डोकी मोठी होतात आणि पाय कुठल्या कुठे लांब जातात. स्वप्नात दिसते तशी ही खोली मी जन्मभर पाहत आलो आहे.

त्या दुपारी टेबलाशी बाबा होते आणि त्यांची मुलगी होती. मुलगी आता मोठी झाली आहे. ती एका वाचनालयात काम करते आणि वेगळ्या घरात राहते. पण दर वर्षी नाताळच्या आधी एका रविवारी ती येते आणि दोघे मिळून एक नवा गोळा करतात. लहानपणी ती जागच्या जागी गिरक्या घ्यायची, म्हणून बाबा तिला भिंगरी म्हणत. अजूनही तेच म्हणत होते.

"चष्मा कुठंय तुमचा?" तिने विचारले.

"डोक्यावर. तिथं दुसरं काही उगवत नाही, म्हटलं चष्मा तरी असू दे."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "अहो, चमकी फुंकू नका हं! मागच्या वर्षीची अजून माझ्या उशीवर सापडतेय. शेजारीण विचारत होती, रात्री नाचायला जाता की काय तुम्ही."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाचवतात, जायला कुठं लागतंय!"

बाबा हसले. त्यांनी नव्या गोळ्याचे टोपण काढून चमचाभर पॉलिश आत सोडले आणि गोळा भिंगरीच्या हातात दिला. पॉलिश ओले असताना दुधासारखे दिसते. गोळा हळूहळू फिरवला की ते आतून सगळीकडे पसरते, आणि ते ओले आहे तोवरच चमकी घालावी लागते. भिंगरी मान खाली घालून गोळा फिरवू लागली. बाबा तिच्याकडे बघत राहिले आणि सहज बोलल्यासारखे म्हणाले,

"शाळेत एकदा तू अश्शीच मान खाली घालून गेली होतीस. भिंतीला चिकटून. मी हॉलच्या दारात बादली घेऊन उभा, आणि बाईसाहेब मला ओळख दाखवायला तयार नाहीत."

"कधी?"

"होतीस की एवढीशी. बरोबरच होतं म्हणा तुझं. मैत्रिणी बरोबर, आणि बापाच्या गुडघ्यांवर हे डाग. कुणालाही लाज वाटेल."

भिंगरीचे हात थांबले. "बाबा, ते तसं..."

"अगं फिरव, फिरव! थांबलीस की एका जागी साचतंय बघ!"

तिने गोळा फिरवला. मग कागदाच्या नळकांड्यातून चमकी घालायची होती. मग आई चहा घेऊन आली, मग बसची वेळ झाली. दारात तिने पायात चपला सरकवल्या आणि पुन्हा वळली. बाबा म्हणाले, "पुढच्या रविवारी झाड उभं करू. लवकर ये. गेल्या वेळी फांद्या बांधून झाल्यावर उगवली होतीस." ती "येते" एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना बाबा स्टुलावर बसून बूट घालत होते. एक बूट घालून झाला होता. दुसरा तसाच राहिला.

मित्रांनो, भिंगरीचे काय सांगायचे राहून गेले ते मला ठाऊक आहे. पण त्यासाठी मला माझ्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

मी दुकानातून आलो तेव्हा नुसता पोकळ होतो, साबणाच्या फुग्यासारखा पातळ. आत काही नव्हते. कुणी जवळ येऊन श्वास सोडला तरी मी धुरकट व्हायचो. बाबा फरशांना पॉलिश करण्याचे काम करत. मोठमोठी कार्यालये, दवाखान्यांचे लांब बोळ, शाळांची सभागृहे. आधी धुणे, मग गरगर फिरणाऱ्या यंत्राने घासणे, मग गुडघ्यांवर बसून कोपरे काढणे आणि शेवटी पॉलिशचे हात. लोकांनी तुडवायच्या जागा ते आरशासारख्या करून ठेवत. एका थंडीत डब्याच्या तळाशी थोडे पॉलिश उरले. बाबांनी विचार केला की जे फरशीवर चकाकते ते काचेवरही चकाकेल आणि चमकीलाही धरून ठेवेल. भिंगरी तेव्हा खुर्चीवर उभी राहिल्याशिवाय टेबलापर्यंत पोहोचत नव्हती.

त्यांनी माझ्या पोटात पॉलिश फिरवले, जास्तीचे निथळायला मला अंड्यांच्या ट्रेमध्ये उलटे ठेवले, मग उचलून भिंगरीच्या हाताने चमकी घातली. ती आत उतरली तेव्हा काय वाटले ते कसे सांगू? सकाळ एका बाजूने आत यावी आणि जायचे विसरून जावी, तसे काहीसे. मी पुरता सोन्याचा झालो होतो. कुठेही एवढीशी फट नव्हती.

पण बाबांच्या हाताला सवय होती. फरशीला कधीच एक हात पुरत नाही. "दुसरा हात दिल्याशिवाय काम पुरं होत नाही," असे म्हणून त्यांनी चमकीवर आणखी एक चमचा पॉलिश सोडले.

आधी काहीच झाले नाही. मग एका बाजूची चमकी सुटली. झोपलेल्या माणसाच्या अंगावरून पांघरूण सरकावे तशी ती सावकाश सरकत गेली आणि तळाशी जाऊन बसली. तिघेही बघत राहिले.

"अहो, ही फरशी नव्हे!" आई म्हणाली.

बाबा ओशाळले. मला बाजूला ठेवून ते दुसरा गोळा घेणार होते. पण भिंगरीने माझ्याकडे पाहिले, बाबांच्या डोक्याकडे पाहिले आणि टाळ्या पिटल्या. "टकल्या! बाबांसारखा टकल्या!"

माझे बारसे झाले. आई हसून हसून खाली बसली. त्या वर्षापासून बाबा मला झाडावर अगदी समोर टांगू लागले. नंतरचे गोळे माझ्यापेक्षा देखणे झाले, निळे, रुपेरी, एकही डाग नसलेले. पाहुणे त्यांचे कौतुक करत. एकदा एका पाहुणीने मला फिरवून माझी उघडी बाजू भिंतीकडे केली. बाबांनी उठून मला पुन्हा सरळ केले. "तो आमचा सगळ्यात जुना कामगार आहे. त्याला मागं उभं करत नाही आम्ही," ते म्हणाले.

आता ती गोष्ट. भिंगरीच्या शाळेच्या सभागृहाचे काम बाबांना मिळाले होते. नाताळच्या सुट्टीत त्यांनी ते केले. शाळा उघडली त्या दिवशी आमचे झाड अजून उतरवले नव्हते. भिंगरी घरी आली ती पाठीवरच्या दप्तरासकट झाडाखाली उताणी झोपली आणि माझ्याशी कुजबुजू लागली.

"टकल्या, आज हॉलमध्ये दिवे खालीपण लागले होते. फरशीत! सगळ्या पोरी तुडवत गेल्या. मी नाही गेले. मी भिंतीच्या कडेकडेनं गेले. बाबांना किती वेळ लागला असेल ना रे?"

ती खाली लागलेले दिवे पाहत चालली होती. दारात उभे असलेले बाबा तिला दिसलेच नव्हते.

दोन दिवसांनी बाबांनी झाड उतरवले. मला कापसात गुंडाळता गुंडाळता ते आईला हळूच म्हणाले, "मला पाहून ती भिंतीकडेनं निघून गेली. पुढच्या वेळी शाळा उघडायच्या आत सगळं सामान हलवीन मी."

"अहो, विचारा की तिला."

"नको. लहान आहे. उगाच कानकोंडी होईल."

मित्रांनो, त्या क्षणी दोघांच्याही मनातले ठाऊक असलेला मी एकटाच होतो. पण माझ्या तोंडावर टोपण आणि वर कापूस. पुढच्या वर्षापासून बाबा भल्या पहाटे जाऊन बादल्या आणि यंत्र आणू लागले. आणि भिंगरी दर वर्षी त्या दिवशी भिंतीच्या कडेने चालत राहिली.

वर्षातले अकरा महिने मी कपाटावरच्या खोक्यात असतो. भिंगरी शिकायला दूर गेली तेव्हा काही वर्षे झाडच उभे राहिले नाही आणि आम्हाला कुणी खाली काढले नाही. खोक्यावर धूळ बसली, कापूस पिवळा पडला. तेव्हा मला एकच स्वप्न पडायचे. माझ्या पोटातले पॉलिश फरशीच्याच डब्यातले, त्यामुळे स्वप्नही फरशीचेच. एक लांबच लांब सभागृह, कुणीही अजून पाय न ठेवलेले, त्यात वरचे दिवे खाली आणि खालचे वर. त्या उजेडातून कुणीतरी छोटेसे माणूस कडेकडेने चालत जायचे. मी हाक मारायचो, पण काचेला आवाज कुठला? उठायचो तेव्हा अंधार आणि कापूस.

मग ती परतली, रविवार पुन्हा सुरू झाले, आणि तो शेवटचा रविवारही येऊन गेला.

बाबा गेल्यावर घरात माणसांची ये-जा झाली. मी वाटीतच होतो. मला उचलायचे कुणालाच सुचले नाही. गर्दी ओसरल्यावर बाबांची बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या, आवराआवरीला राहिली. तिने खोके पुढे ओढले आणि मला हातात घेतले.

"एवढी काच ठेवून काय करणार गं? देऊन टाका कुणाला तरी. आणि हा तर खराबच झालाय."

"तो तसाच आहे, आत्या," भिंगरी म्हणाली. "पहिल्यापासून."

आत्याने मला भिंगरीच्या तळव्यावर ठेवले आणि भिंगरी मला घेऊन आतल्या खोलीत गेली. आई खिडकीशी बसून बाबांच्या सदऱ्यांची बटणे लावून घड्या घालत होती. भिंगरी तिच्याजवळ बसली आणि तिने विचारले,

"आई, मला त्यांची लाज वाटते असं बाबांना खरंच वाटायचं?"

आईचे हात थांबले नाहीत. "तुझ्यावर राग नव्हता गं त्यांचा कधी. पण शाळा उघडायच्या दिवशी ते अंधारातच उठून जायचे. सामान घेऊन यायचे. म्हणायचे, पोरीला अवघडल्यासारखं नको व्हायला."

"म्हणून ते कधी दिसायचे नाहीत? मी दर वर्षी शोधायचे त्यांना, आई. काम झाल्यावर आता यंत्र न्यायला येतील म्हणून."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"मला वाटलं, त्यांना ठाऊक असेल."

आईने घडी मांडीवर ठेवली.

मित्रांनो, आम्हा काचेच्या वस्तूंना सांभाळून हाताळा, आमचा कापूस अधूनमधून बदला, एवढे मागणे तर आहेच. पण आणखी एक मागतो. मुले आमच्या कानात खूप काही सांगतात आणि आम्हाला ते फार आवडते. तरी आम्हाला सांगून थांबू नका. आमच्याकडून ते पुढे कुणालाच कळत नाही. ज्याचे त्याला, तो समोर आहे तोवर, सांगून टाका.

भिंगरी मला घेऊन बाहेरच्या खोलीत आली. दाराजवळ ते स्टूल होते. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि मला मांडीत धरले. तिचा हात गरम होता. आत आईजवळ आता आत्याही येऊन बसली होती. भिंगरीने घसा साफ केला. वाचनालयात ती नेहमी हळू बोलते, पण आता ती पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"बाबा, मला तुमची लाज नव्हती वाटली. तुम्ही दारात आहात हे मला दिसलंच नाही. फरशी इतकी सुंदर झाली होती, की तिच्यावर पाय ठेवायचं माझ्या जिवावर आलं."